रुपाच्या चित्रातला वाकडा खांब

त्या वर्षीच्या आषाढात डोंगराने आपले मनोगत आधी एका चौदा वर्षांच्या मुलीला सांगितले. मुलीने ते जसेच्या तसे कागदावर उतरवले. आणि ज्या बाईंनी तिला ‘जे दिसेल तेच काढ’ असे शिकवले होते, त्याच बाईंनी त्या कागदावर लाल पेन्सिलीने रेघ मारून लिहिले : खांब सरळ हवा.

त्या बाई म्हणजे रंजना विशे. शहापूरहून मुरबाडकडे जाणारा रस्ता जिथे डोंगरांच्या कुशीत शिरतो, तिथल्या माध्यमिक शाळेत त्या अठ्ठावीस वर्षे चित्रकला शिकवत होत्या. घर सापगावात, जीव शाळेत. चित्रकलेचा तास म्हणजे पोरांना दंग्याची सुट्टी, असे बाकीच्या शिक्षकांना वाटे. बाईंना तो तास पूजेसारखा वाटे. वर्गात आल्यावर मुलांनी हात धुवायचे, क्षणभर डोळे मिटायचे आणि मग देवळाचे दार उघडावे तसे हळूच उघडायचे. “देवानं एवढी सृष्टी केली ती कुणीतरी पाहावी म्हणून,” त्या सांगत. “तुम्ही पाहिलीच नाही, तर त्याचे श्रम वाया गेले. हात नंतर, रंग नंतर. आधी डोळा.”

आठवीत नवे मूल आले की पहिल्या दिवशी ते ठरलेले चित्र काढी : दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीत होडी, काठावर नारळ. बाई शेजारी बसत.

“नारळाचं झाड आहे का रे तुझ्या पाड्यात?”

“नाय, बाई.”

“होडी?”

“नाय, बाई.”

“मग हे कुणाच्या डोळ्यांनी पाहिलंस? दुसऱ्याच्या डोळ्याचं उष्टं खाऊ नये, बाळा. जा, तुझ्या दारातलं काय ते घेऊन ये.”

आणि मुले घेऊन येत. तांबडी माती, काळी माती, गेरू, चुलीतला कोळसा, पळसाची फुले. जुन्या लुगड्याच्या फडक्यातून माती गाळून, धावड्याच्या डिंकात खलून त्यांचे रंग होत. एका वर्षी बाईंनी ‘घरातले हात’ काढायला लावले. आईचा, आज्याचा, काकाचा हात, खऱ्या मापाचा, प्रत्येक भेगेसकट. प्रदर्शन पाहायला आलेला एक बाप आपल्या बायकोच्या हाताच्या चित्रासमोर कितीतरी वेळ उभा राहिला होता. बाईंना वाटले, हाच आपला पगार.

पण त्याच बाईंच्या आत आणखी एक बाई राहत असे. ती परीक्षेची बाई. सरकारी ग्रेड परीक्षेत शाळेची मुले दरवर्षी चमकत, आणि परीक्षेचा नियम साफ होता : उभी वस्तू उभीच हवी, उभी रेघ कागदाच्या कडेला समांतर हवी. त्यासाठी त्यांच्या पिशवीत स्टीलची पट्टी आणि लाल पेन्सिल कायम असत. एक गुरू सांगे ‘पाहा’, दुसरा सांगे ‘पास व्हा’. अठ्ठावीस वर्षे दोघे एका पिशवीत सुखाने नांदले होते.

जुलैच्या एक तारखेला त्यांनी नववीला नवे काम दिले. ‘एक जागा, तीस दिवस.’ घराच्या ओट्यावरून दिसणारी एकच जागा निवडायची, रोज सकाळी त्याच ठिकाणी बसायचे, चौथाई कागदावर तेच चित्र पुन्हा काढायचे. “कंटाळा येईल,” बाईंनी आधीच बजावले. “येऊ द्या. कंटाळ्याच्या पलीकडं गेल्यावरच वस्तू बोलू लागते.”

रुपा मेंगाळ धामणपाड्याची. अकरा घरे, अठ्ठावन्न माणसे, डोंगराच्या उतारावर चिकटलेला पाडा. दोन वर्षांपूर्वी खडीच्या गाड्यांसाठी खाली रस्ता रुंद झाला, तेव्हा त्या डोंगराचा पाय कापला गेला होता. रुपाने निवडलेली जागा घरामागची : एक विजेचा खांब, सागाची तीन झाडे, एक झरा, आणि वर चढत गेलेला डोंगर. चित्र साधे, रेघ निर्मळ. फक्त खांब वाकडा. चौथ्या दिवशी बाईंनी पहिली लाल रेघ मारली. पाचव्या दिवशी दुसरी. मुलगी गुणी, पण उभ्या रेघेत कच्ची, असे त्यांनी वहीत नोंदवले.

पंधराव्या दिवशी खांब सरळ आला. बाई खूश झाल्या. मग पाहतात तर खांब सरळ, पण त्याच्या तारा भलत्याच दिशेला लोंबत होत्या आणि मागची झाडे खाली वाकून काहीतरी शोधत असल्यासारखी.

“रुपा, हे काय गं?”

रुपा उभी राहिली. आवाज अगदी खाली. “तुमी सांगितलं म्हनून खांब सरळ काढला, बाई. पन तिथं तो तसा नाय.”

“मग कसा आहे?”

“रोज थोडा झुकतो.”

मागच्या बाकावरून रितेश म्हणाला, “पिऊन येत असंल, बाई!” सारा वर्ग हसला. बाईही हसणारच होत्या. पण हसू ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले. त्यांनी कपाटातून रुपाचे आधीचे चौदा कागद काढले आणि जमिनीवर ओळीने मांडले. मुले भोवती गोळा झाली.

पहिल्या कागदावर खांब जवळजवळ सरळ होता. चौदाव्यावर नव्हता. पहिल्यावर तिन्ही साग उभे होते. चौदाव्यावर तिघांचे शेंडे उताराकडे झुकले होते, जणू कुणी खालून हाक मारली होती. आणि झरा! तो रुपाने घरी केलेल्या रंगांनी रंगवला होता. सातव्या दिवसापर्यंत निळसर, आठव्यापासून तांबडा, बाराव्यापासून झऱ्याच्या जागी नुसते दगड.

“झऱ्याचं पाणी संपलं का रंग संपला?” बाईंनी विचारले.

“पानी संपलं, बाई. भर आषाढात.”

चौदा कागद, आणि त्यांतल्या अकरांवर त्यांची लाल रेघ. देवाने एका लेकराच्या हाती पत्र पाठवले होते, आणि बाई त्यातले शुद्धलेखन तपासत बसल्या होत्या.

शनिवारी शाळा अर्धी. बाई छत्री घेऊन रुपासोबत पाडा चढल्या. पिशवीत ओळंबा होता, दोऱ्याला बांधलेला साधा खडा. उभी रेघ ओळखायला वर्गात वापरतात तोच. खांबाला टेकवून त्यांनी दोरा सोडला. पुरुषभर उंचीत चार बोटांचे अंतर पडले. बाईंनी दोरा गुंडाळला, पुन्हा सोडला. खडा खोटे बोलत नाही.

रुपाची आजी सोमी ओट्यावरून हे सगळे पाहत होती. पाड्यातल्या लग्नांत धवळे गाऊन लग्न लावणारी धवळेरी ती. अकरा घरांपैकी एकाही घरातले लग्न तिच्या तोंडच्या गाण्याशिवाय लागलेले नव्हते. ती उठली. “वर चल गो, बाय. तुला दाखविते.”

घरांच्या वर, करवंदीच्या जाळीमागे, डोंगर फाटला होता. भेग हातभर रुंद, पन्नास पावले लांब. काठावर हळदकुंकू, फुटलेला नारळ, पानावर शिते.

“हे काय, आजी?”

“डोंगरानं आ केला. भुकेला असंल म्हनून भात घातला.”

“रोज घालते,” रुपा म्हणाली. “दुसऱ्या दिवशी भात दिसत नाय. आत जातो.”

बाईंनी एक दगड उचलून भेगेत टाकला आणि कान दिला. आवाज आला नाही. उन्हाची तिरीप पडली होती, रानात पाखरे बोलत होती, खालच्या खाचरांत बायका हसत होत्या; आणि बाईंच्या तळपायांना मात्र वाटले, आपण कुणाच्या तरी पाठीवर उभ्या आहोत आणि तो कूस बदलायच्या बेतात आहे.

खाली आल्यावर त्यांनी रुपाच्या बापाला, सावळ्याला, गाठले. तो गुडघाभर चिखलात होता.

“सावळ्याभाऊ, हा डोंगर सुटतोय. सगळ्यांनी खाली शाळेत चला.”

सावळ्याने आधी बैल थांबवले, मग हसला. “बाई, तुमी चित्राच्या बाई. डोंगराचा मास्तर येगळा असतो.”

“मी डोळ्यांनी पाहिलंय.”

“आमी जल्मापासून बघतोय. भाताची आवणी चाललीय, राबातलं रोप ताठ झालंय. आता शाळंत जाऊन बसलो तर वर्षभर काय तुमचे रंग खाऊ? आनि पाऊस पन उघडलाय.” मग रुपाकडे वळून, “आनि तू गो! सकाळची रोपं खनायची सोडून कागद रंगवीत बसतेस. त्या कागदानं हे लावलं मागं.”

पाड्याचा जाणता नवसू. त्याचे म्हणणे सरळ : तहसील कचेरीतून माणूस आला तर निघू. सोमवारी बाई कचेरीत गेल्या. तिथल्या माणसाने चित्रे नीट पाहिली, मोबाइलवर फोटो घेतले. पाहणीचे पथक तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला गुंतले आहे, गुरुवारी येईल, म्हणाला. त्याचे चुकले नव्हते. पण डोंगराला गुरुवार कोण सांगणार?

मंगळवारी भर दुपारी, माणसे जेवायला खाचरांतून वर येतात त्या वेळी, बाईंनी नवसूच्या अंगणात दोरी बांधली आणि रुपाचे कागद ओळीने टांगले. आता ते एकवीस झाले होते. पाडा जमला. बाईंनी पदर सावरला. अठ्ठावीस वर्षे त्या मुलांसमोर उभ्या राहिल्या होत्या. आज समोर मुलांचे आईबाप होते.

“ही चित्रं तुमच्या रुपानं काढली. ही खरी आहेत. आणि ह्या लाल रेघा दिसतात ना, त्या माझ्या. त्या खोट्या आहेत. लेकरू खरं सांगत होतं, आणि मी बाई असून त्याला खोटं ठरवलं. अकरा दिवस माझ्यामुळं गेले. बारावा जाऊ देऊ नका. हात जोडते.”

शिकलेली बाई पाड्यासमोर आपली चूक कबूल करते, हे कुणी पाहिले नव्हते. पोरे हसायची थांबली. सोमी पुढे झाली. तिला अक्षर येत नव्हते. पण लग्नाचा चौक भिंतीवर मांडताना एक रेघ ढळली तर देव बसत नाही, हे जाणणारी ती बाई. पहिल्या कागदापाशी ती थांबली, तळवा लावला, पुढे सरकली. दुसरा. तिसरा. एकविसाव्यापाशी तिचा हात दोरीवर तसाच राहिला.

“सावळ्या,” ती म्हणाली, “ह्या सागांचे शेंडे बघ. झाडं निघालीत रं. झाडांना पाय नायत, तरी निघालीत. आनि आपन बसलोय.”

“आये, चित्र हाय ते!”

सोमी वळली. ती आपल्या घरात गेली. कोनाड्यात तांदळावर बसवलेले देव तिने उचलले, बांबूच्या टोपलीत ठेवले, वर फडके घातले. बाहेर जमलेल्यांतून एक लांब श्वास निघाला. पाड्याचा नेम होता : ज्या घरातले देव उठले त्या घरात चूल पेटत नाही, देव पुन्हा बसेपर्यंत तिथे शीत शिजत नाही. लग्नावेळी घराघरांत देव बसवणारी सोमीच. उठवण्याचा हक्कही तिचाच.

“आये, भात अर्धा कच्चा हाय चुलीवर!” सावळ्या ओरडला.

सोमीने तांब्याभर पाणी घेतले आणि विस्तवावर ओतले. चर्र झाले, राख उडाली. मग ती शेजारच्या घरात शिरली. मग त्याच्या पलीकडच्या. कुणी आडवे गेले नाही. नवसूने आपले देव आपल्या हातांनी काढून टोपलीत दिले. सावळ्या दारात लाल होऊन उभा होता, त्याची बायको जानी बोचके बांधून बाहेर आली आणि त्याला म्हणाली, “राग खांद्याव घ्या नि पोतं डोक्याव. इथं कायच ठेवायचं नाय.”

ऊन कलायच्या आत अठ्ठावन्न माणसे, शेळ्या, कोंबड्या आणि एक टोपली शाळेत उतरली. बैल तेवढे खाचरांच्या बांधावर राहिले.

आणि मग काही झाले नाही.

बुधवारी काही झाले नाही. गुरुवारी पथक आले, भेग मोजली, वर जाऊ नका म्हणाले, दोरी बांधून गेले. शुक्रवारी काही झाले नाही. आकाश स्वच्छ, डोंगर हिरवागार, नवरदेवासारखा. दहावीचे वर्ग व्हरांड्यात भरू लागले. मुख्याध्यापकांनी मृदू शब्दांत विचारले, “बाई, अंदाजे किती दिवस?” पुरुष पहाटे उठून आवणीला जाऊ लागले. येताजाता हाक मारत, “काय बाई, डोंगर कुठवर आला? खर्डीला पोचला का?” आसनगावच्या लोकलने कामावर जाणारी पोरेसुद्धा जीपमध्ये एकमेकांना कोपराने ढोसत : हीच ती चित्रवाली बाई.

बाई ऐकत. घरी आल्यावर देवापुढे बसत, आणि आयुष्यात कधी मागितले नव्हते ते मागत. “मला खोटी पाड, देवा. हसू दे लोकांना. माझी लाज जाऊ दे, त्यांची घरं राहू दे.” असे म्हणत, आणि म्हणतानाच त्यांना कळे की दोऱ्याला बांधलेला खडा प्रार्थना ऐकत नाही.

जानी रोज दुपारी सावळ्याची भाकरी वर नेई. वर चूल पेटवायची नाही, आणि त्याला खाचर सोडवत नाही. सोमवारी ती गेली नाही. नवसूने विचारले तर फणकारली, “मी काय त्याची डबेवाली हाय? भूक लागली का उतरंल खाली.”

त्या दुपारी नववीचा तास व्हरांड्यात होता. पाड्याचा उतार तिथून समोर, सरळ रेषेत किलोमीटरभर. रुपा आपला कागद घेऊन खांबाला टेकली होती. बाई रितेशच्या चित्रावर वाकल्या होत्या.

“बाई,” रुपा म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, खालचा. “आमचे साग नाय दिसत.”

बाईंनी मान वर केली. उताराच्या हिरव्यात एक तांबडा पट्टा होता आणि तो रुंद होत होता. ना धक्का, ना आवाज. तो पट्टा सावकाश, अगदी सावकाश, घरांवरून खाली सरकला. जशी ओल्या कागदावर कुणी तांबडी माती सोडावी. मग आवाज आला. तो कानांना आला नाही; फरशीतून पायांत आला, पायांतून छातीत आला. भिंतीवरच्या चित्रांचे कागद थरथरले. शेळ्या एकदम ओरडू लागल्या. आणि पुन्हा सगळे शांत.

कुणी रडले नाही. नवसू व्हरांड्याच्या पायरीवर उभा राहिला आणि घराघराची नावे घेऊ लागला. ज्याचे नाव येई तो ‘हाय’ म्हणे. खाचरांतून जेवायला उतरलेले पुरुष ओल्या पायांनी मागे उभे होते, तेही ‘हाय’ म्हणाले. मंगळ्या, हाय. भिमा, हाय. सावळ्या.

सावळ्या.

नवसूने तिसऱ्यांदा नाव घेतले नाही. जानी अंगणाच्या कडेला जाऊन उभी राहिली. तिच्या हातात भाकरीचे फडके होते. ते ती पिळत होती, सोडत होती, पुन्हा पिळत होती.

किती वेळ गेला, कुणी सांगू शकले नाही. मग ओढ्याच्या वळणावर तो दिसला. चालत येत होता. कमरेपर्यंत चिखल, हातात दावे, दाव्याला बैल नाही. भूक लागली म्हणून बैल बांधावर चरायला सोडून तो उतरायला निघाला होता. ओढा ओलांडला आणि पाठीमागची जमीन गेली. जानीने त्याला मिठी मारली नाही. फडके सोडून भाकरी त्याच्या हातात दिली आणि खाली बसली. तो उभ्यानेच खाऊ लागला. घास तोंडात फिरत होता, उतरत नव्हता.

आता सगळे पुन्हा समोर पाहू लागले. धामणपाडा नव्हता. पण डोंगर संपलेला नव्हता. निम्मा खाली आला होता. निम्मा वर तसाच लोंबत होता, त्याच्या कडेची झाडे हवेत मुळे सोडून उभी. त्याखाली ओढा, ओढ्यापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे आणखी दोन पाड्यांची कौले. नवसूने दोन पोरांना तिकडे सांगावा घेऊन पिटाळले. बाईंनी कचेरीत फोन लावला.

सोमी टोपली मांडीवर घेऊन बसली होती. “बाय,” तिने विचारले, “हे देव आता कुठं बसवू?”

बाई तिच्या शेजारी फरशीवर बसल्या आणि टोपलीच्या कडेवर हात ठेवला. एका म्हातारीने एवढे जड ओझे एवढे दिवस कसे पेलले, ते त्यांच्या हाताला कळले.

सावळ्या जवळ आला. रुपापुढे उकिडवा बसला. तिच्या गुडघ्यावरचा कागद वाऱ्याने उडू पाहत होता. त्याने चिखलाचा अंगठा त्याच्या कोपऱ्यावर दाबला.

“पोरी, तो उरलेला डोंगर,” तो म्हणाला. “हलला का?”

रुपाने डोळे बारीक केले. सगळे तिच्या तोंडाकडे पाहत होते : बाप, आई, नवसू, मुख्याध्यापक, बाई.

“अजून नाय.”

“मग आज कायच काम करू नको,” सावळ्या म्हणाला. “कोन काय सांगंल तरी उठू नको. तू बघत ऱ्हा.”